उंदरांनी खाल्लेला नंबर

लोटे
१७ सप्टेंबर १९८६

सौ. राहीस रावजीचा आशीर्वाद.

शनिवारी सुखरूप पोचलो. आठ दिवसांची रजा कशी संपली कळलं नाही. वहिनीने बांधून दिलेल्या खापरोळ्या चिपळूण यायच्या आधीच संपल्या.

आता कामाचं. माझं लायसन सापडत नाही. रविवारी पहिल्या पाळीची बस काढायला गेलो, खिशात हात घातला तर नुसता कंगवा. ते तळहाताएवढं पुस्तक, ज्यात माझा बिनमिशीचा फोटो आहे आणि जो बघून तू हसली होतीस, तेच. रजेवर येताना चिपळूणला साड्या घेतल्या तेव्हा खिशात होतं. पुढचं आठवत नाही.

लायसन नाही म्हणून गाडी नाही. मी गाड्या धुतो आणि महिपत माझी बस चालवतो. तुला सांगितलं होतं, यंदा कंपनी एकाच ड्रायव्हरला कायम करणार. पहिलं नाव माझं आहे, दुसरं महिपतचं. दसऱ्याच्या सुमाराला यादी लागेल. साहेब म्हणाले, "यादी लागेपर्यंत लायसन माझ्या टेबलावर ठेव, नाहीतर महिपतचं नाव लिहितो." कायम झालो तर कंपनीची खोली मिळेल आणि तुला इकडे आणता येईल.

घरी येताना मी चिंब भिजलो होतो, ते कपडे वहिनीने धुतले. तिला विचार. खुंटीवर, कणगीमागे, पेटीत, सगळीकडे बघ. माझ्या वस्तू कुठे पडतात ते वहिनीला बरोबर ठाऊक असतं.

रावजी

—

मधलीवाडी, देवरूख
२२ सप्टेंबर १९८६

घरधन्यांस राहीचा नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. मला पोचायच्या आधी ते वाडीला पोचलं होतं. पोष्टमन हरिश्चंद्र बांधावरूनच ओरडत आला, "राही, तुझ्या घोवाचं लायसन हरवलं गो!" घरचं लिहायचं तर आंतरदेशीय घेत जा. कार्ड म्हणजे दवंडीच.

सगळं घर उलटं केलं. कणगी हलवली, पाटल्यादारची लाकडं हलवली. लायसन नाही. जाऊबाईंना विचारलं तर म्हणतात, "मी खिसे बघितल्याबिगर कापड भिजवत नाय. आठ वर्षांचा व्हता तवापासून त्याचे खिसे मीच बघत्ये." नवऱ्याच्या खिशावर कुणाचा हक्क, ते लग्नात भटजींनी सांगितलं नव्हतं.

मनात आहे ते लिहूनच टाकते, नाहीतर पोटात दुखेल. यंदा गौरीला पहिला ओवसा माझा होता. नव्या नवरीचा मान माझा, सूप माझ्या हातात. तुम्ही साड्या आणल्या दोन. जरीच्या काठाची जांभळी जाऊबाईंच्या ओटीत पडली आणि मला आली साधी हिरवी. ओवशाला जमलेल्या बायकांनी दोन्हींच्या काठाला हात लावून बघितला आणि एकमेकींकडे बघून हसल्या. मी हिरवी नेसलेच नाही, लग्नातली नेसले. हो, जळते मी. खोटं कशाला बोलू? वहिनीच्या खापरोळ्या, वहिनीने धुतलेले कपडे, वहिनीला ठाऊक असतं. तुमच्या एवढ्याशा कार्डात वहिनी तीनदा आणि मी एकदा, तीही आशीर्वादापुरती.

हिरवी साडी कशी आहे म्हणून विचाराल तर जपून ठेवली आहे. चांगल्या जागी आहे.

काल देवळात कौल लावला. जाऊबाई बरोबर होत्या. शिवा गुरवाने देवीला फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. "लायसन घरात आहे का?" डावा पडला. "चोराने नेलं का?" पुन्हा डावा. मग मी शिवाच्या कानात सांगितलं, "बाईमाणसाकडे हाय काय, ता इचार." त्याने विचारलं मात्र, उजवा कळा असा झटकन पडला की शिवासुद्धा दचकला.

मी जाऊबाईंच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही दिसलं नाही, पण म्हणून काय झालं? तुम्ही कायम झालात की मी लोट्याला जाणार. मग शेणगोठ्याला कोण आणि त्यांचा रावजी त्यांच्या हाताशी कसा राहणार? कोणाला बरं वाटेल? मी कोणाचं नाव घेत नाही. देवीने सांगितलं तेवढं लिहिलं.

राही

—

लोटे
२७ सप्टेंबर १९८६

सौ. राहीस,

तुझं पत्र गाडीखाली पडून वाचलं. वर असतो तर लोकांनी माझं तोंड बघून विचारलं असतं.

वहिनी या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि मी आठ. आई त्याच साली गेली. दादा तेव्हा मुंबईला गिरणीत. शाळेत सोडायला ती नदी ओलांडून जायची, मला खांद्यावर घेऊन. ती माझं लायसन लपवील? राही, कौल देवीचा असतो, पण प्रश्न आपला असतो. तू भलताच प्रश्न विचारलास. पुन्हा असं लिहू नको.

साडीचं तुला वाटतं तसं नाही. मी सांगणार नाही. कधीतरी वहिनीलाच विचार.

आता नीट वाच. डुप्लिकेट लायसन काढायचं ठरवलं आहे. आधी पोलीस चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, "कुठं हरवलं?" मी म्हटलं, "ते ठाऊक असतं तर हरवलं कशाला असतं?" तो आधी चिडला, मग हसला आणि हरवल्याचा दाखला दिला. मग प्रतिज्ञापत्र लागलं. आमच्या टाईम ऑफिसातल्या मथुराबाईंनी ते जेवणाच्या सुट्टीत टाईप करून दिलं. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. म्हणाल्या, "रावजी, तुम्ही फार साधे हो!" फोटोही काढले, या वेळी मिशीसकट.

एवढं घेऊन परवा एसटीने रत्नागिरीला आरटीओत गेलो. कारकून भला माणूस. म्हणाला, "लायसनचा नंबर द्या, पंधरा मिनिटांत रजिस्टर काढतो. नंबर नसेल तर तीन वर्षांची रजिस्टरं पानापानाने बघावी लागतील. दिवाळी होईल." नंबर मला पाठ नाही. कंपनीनेही लिहून घेतलेला नाही, रोजंदारीवरच्या माणसाचा कोण लिहितो?

पण लायसन काढलं तेव्हाची फीची पावती दादाच्या पेटीत, रेशनकार्डाखाली आहे. तिच्या पाठीवर मी नंबर लिहून ठेवलेला आहे. ती पावती रजिस्टर पोष्टाने लगेच पाठव. सगळं आता त्या कागदावर आहे.

रावजी

—

मधलीवाडी
१ ऑक्टोबर १९८६

घरधन्यांस नमस्कार.

कौलातली बाई कोण, ते आता कळलं. उगाच मी जाऊबाईंकडे बघत बसले. देवीला लोट्यापर्यंत दिसतं आणि मला बांधापलीकडचं दिसत नाही.

मथुरा. नाव तर गोड आहे. तिचं वय किती? नवरा आहे का? असला तर काय करतो? डब्यात तुम्हाला काय देते? जेवणाच्या सुट्टीत माणसं जेवतात असं मी ऐकून होते. ही बया टाईप करत बसते आणि वर परक्या पुरुषाला साधा म्हणते. साधा कोणाला म्हणतात ते मला सातवीपर्यंत शिकवलं आहे. आणि मिशी! मी मिशी ठेवा म्हणून तीन महिने सांगत होते, तेव्हा उन्हाळ्यात घाम येतो म्हणालात. आता फोटोला मिशी आली. घाम कुठे गेला?

तुम्ही म्हणता, प्रश्न आपला असतो. बरं, मग परत कौल लावून नाव घेऊनच विचारते.

पावती अजून मिळाली नाही. पेटीत पुष्कळ कागद आहेत. शोधत्ये. तोवर मथुरेचं सगळं खरं खरं लिहून पाठवा. उलट टपाली उत्तर आलं तर माझं शोधणंही लवकर होईल.

जाऊबाईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितला आहे. "पोराच्या पायाला भेगा पडतात, खोबरेल लाव म्हणून लिव," असं म्हणाल्या. लिहिलं. आता मथुरा लावील.

राही

—

लोटे
४ ऑक्टोबर १९८६

राही,

मथुराबाईंचं वय सत्तावन्न. पुढच्या वर्षी रिटायर होतात. नवरा होता, तो सहा वर्षांमागे गेला. दोन नाती आहेत. दात खालचे नाहीत, म्हणून चहात पाव बुडवून खातात आणि दुसऱ्यालाही तोच देतात. मला साधा म्हणाल्या कारण मी त्यांना विचारलं, की हरवलेल्या वस्तूवर सही कुठे करायची. झालं का समाधान?

आता चेष्टा पुरे. यादी अकरा तारखेला, शनिवारी लागणार. काल साहेबांनी मला आणि महिपतला बोलावलं. महिपतचं लायसन टेबलावर होतं, माझी नुसती मोकळी जागा. महिपत वाईट नाही, पण तोही वाट बघतोय. त्याचंही लग्न झालं आहे.

मी ती खोली बघून आलो. पत्र्याची नाही, कौलारू आहे. नळ दाराशी. खिडकीतून हायवे दिसतो. मी पहिली पाळी संपवून येताना हॉर्न वाजवला तर तुला आतून ऐकू येईल, एवढ्या अंतरावर. मी त्या खिडकीशी जरा वेळ उभा राहिलो. रखवालदार म्हणाला, "काय बघतोस?"

पावती मिळाली असेलच. नसेल तर पेटी अंगणात उपडी कर. हे पत्र मिळेल त्या दिवशी दादाच्या हातात देऊन त्याला पाठव. शुक्रवारी जरी माझ्याजवळ आली तरी मी रत्नागिरी गाठून शनिवारी सकाळी साहेबांपुढे उभा राहतो. राही, मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतो.

रावजी

—

मधलीवाडी
११ ऑक्टोबर १९८६

रावजी, मी काशी. लिवणारी राही हाय, बोलणारी मी. तिला सांगितलंय, मी बोलेन तसंच लिव, मधी आपलं घालू नको.

तुझं लायसन गावलं. दादा ते घेऊन दुपारच्या गाडीनं निघालाय. हे पत्र मागून येईल, पण कसं गावलं ते तो सांगणार नाय. त्याला चार शब्द येक जागी बोलता येत नाय, तुला ठावं हाय.

आज आठवी माळ. शिवा गुरवानं देवीला नेसवायला तिच्या पेटीतली हिरवी साडी काढली. घडी मोडली नि टपकन काय तरी देवीच्या पायाशी पडलं. शिवानं उघडून बघितलं नि म्हणतो, "ह्यो तर आपला रावजी! ह्याला देवीनं कवा डायवर ठेवला?" सगळी वाडी हसली. समईतलं तेल नि कुंकू लागलंय जरा, ते पुसून घे.

मग बाया इचारायला लागल्या, साडी कोणाची? मी सांगितलं, आमच्या घरची. राहीनं पयल्या ओवशाची नवी साडी आपण न नेसता देवीला वाहिली, आमच्यात तशी चाल हाय. तशी काय चाल नाय, पण आजपासून हाय म्हणायचं.

तू लायसन साडीच्या घडीत घातलंस आणि इसरलास. पावसात भिजू नये म्हणून घातलं असशील. तुझी जुनी खोड. शाळेची पाटीपण माझ्या पदरात कोंबायचास.

आता साडीचं. राही, थांबू नको, लिव. रावजी, तू जांभळी आणलीस ती राहीसाठी. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणालास, "वहिनी, जांभळी तिची, हिरवी तुझी." बदलली मी. पयल्या ओवशाला नव्या नवरीनं हिरवं नेसायचं, ही आपल्या घरची चाल. ही मात्र खरी हाय. सासूबायनी मला हिरवीच दिली व्हती. तुझं तोंड उतरलं, ते मी बघितलं. तू काय बोलला नायस, माझा मान ठेवलास. मला वाटलं, पोरीला चाल ठावं असेल, सांगायला कशाला पायजे? ती नेसली नाय तवा कळलं की चुकलं. जांभळी मी अजून अंगाला लावली नाय. घडी तशीच हाय. दिवाळीला तिला देणार व्हत्ये, ती आता आजच काढून तिच्या मांडीवर ठेवलीय.

पोरगी रडते. रडू दे. (मी रडत नाही. राही.)

आणि ती पावती. लिव, पावती उंदरांनी खाल्ली. पेटीच्या कोपऱ्यात कुरतडलेली गावली, नंबर काय राहिला नाय. त्यात राहीचा काय दोष नाय. ह्या वर्षी हितं उंदीर लय झालेत. तिला कायपण बोलू नको.

तुझी वहिनी काशी

इथवर सांगून जाऊबाई गुरं सोडायला गेल्या. आता मी राही लिहिते.

पावती उंदरांनी खाल्लेली नाही. ती अख्खी आहे. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, तीस तारखेला, ती मला रेशनकार्डाखाली मिळाली. मी ती उशीखाली ठेवली. मथुरेचं कळल्याशिवाय द्यायची नाही, असं ठरवलं होतं. बुधवारी तुमचं खोलीचं पत्र आलं. तीनदा वाचलं. तेव्हाच काढून द्यायला हवी होती. पण आदल्या दिवशीच मी भावजींसमोर पेटीवर हात ठेवून शपथ घेतली होती की यात पावती नाही. मग उशीखालून कुठल्या तोंडाने काढू? आज सांगते, उद्या सांगते, असं करत तीन दिवस गेले.

आज भावजी निघाले तेव्हा लायसनबरोबर पावतीही त्यांच्या खिशात घातली, कोणी बघत नाही असं बघून. पण जाऊबाईंना ठाऊक होतं. काल अंथरूण त्यांनी झाडलं. उशी मी वाकडी ठेवली होती, ती सरळ होती. त्यांना वाचता येत नाही, पण तुमची पावती त्या ओळखतात. तीन वर्षं त्यांनीच ती जपली आहे.

साडी मी देवीला भक्तीने वाहिली नव्हती. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, रागाने नेऊन टाकली. तुम्हाला लिहिलं की जपून ठेवली आहे.

आज शनिवार. यादी लागली असेल.

राही

—

लोटे
२२ ऑक्टोबर १९८६

सौ. राहीस,

पत्र उशिरा लिहितोय. आधी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

दादा शनिवारी साडेपाचला गेटवर आला. यादी चार वाजता लागली होती. तिच्यावर महिपतचं नाव आहे. साहेबांना लायसन दाखवलं. त्यांनी उघडून बघितलं तर माझ्या फोटोवर तेल आणि कुंकू. म्हणाले, "हा तू आहेस की शेंदूर लावलेला म्हसोबा?" ते लायसनही चालणार नाही, खराब झालेल्याचं डुप्लिकेट काढून आण म्हणाले. सोमवारी दसरा झाला, मंगळवारी रत्नागिरी गाठली. लायसनवरचा नंबर तेलात पुसला होता, पण पावतीवरचा बघून कारकुनाने खरंच पंधरा मिनिटांत रजिस्टर काढलं. नवीन लायसन काल हातात आलं. चौकीत जाऊन हरवल्याचा दाखलाही परत केला. हवालदाराने विचारलं, "कुठं सापडलं?" मी म्हटलं, "देवीच्या साडीत." त्याने माझ्याकडे बघितलं आणि वहीत नुसतं 'देवळात' असं लिहिलं.

आजपासून बस परत मिळाली, पण रोजंदारीवरच. पुढची यादी एप्रिलमध्ये.

तुझा राग आला नाही, असं लिहिणार होतो. आला. दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो आणि जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी महिपत बायकोला घेऊन आला. त्याच खोलीत. मी समोर गाडी धूत होतो. तिने नळावर पाणी भरलं, मग खिडकीला फुलाफुलांचा पडदा लावला. महिपतने पाळीवरून येताना हॉर्न वाजवला आणि पडदा हलला. तो माझ्या बसचा हॉर्न होता, राही. मी पाण्याचा पाईप तसाच सोडून उभा राहिलो. मी असा जळलो की त्या क्षणी त्याचं लायसन माझ्या हातात असतं तर मी ते विहिरीत टाकलं असतं. मग मला तू आठवलीस. महिनाभर तू हेच घेऊन जगत होतीस आणि मी तुला लिहीत होतो की वहिनीला विचार, वहिनीला ठाऊक असतं.

जांभळी घेताना दुकानदाराने दहा साड्या दाखवल्या होत्या. तुला ती कशी दिसेल ते मनात धरून घेतली होती. हे मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. वहिनीचा मान राखायच्या नादात तुझा राहिला.

हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, गाळू नको. तिला सांग, उंदरांचं रावजीने खरं मानलं. दिवाळीला येतोय, तेव्हा घरातल्या उंदराने जांभळी साडी नेसून देवरूखच्या स्टँडवर न्यायला यावं. आणि पिंजरा लावू नको म्हणावं. तो उंदीर एप्रिलमध्ये मी लोट्याला घेऊन येणार आहे.

रावजी